ड्रायरला आधी हवा, मग उष्णता: कपडे वाळवायचं यंत्र पेट का घेतं आणि ते कसं टाळायचं

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला ड्रायर पहिला आठवडा अप्रूपाचा वाटतो. नंतर तो घरात आहे याचाही विसर पडतो. कपडे टाकले, बटण दाबलं, तासाभराने गरम गरम घड्या घातल्या. शेगडी चालू ठेवून बाहेर जाऊ नये, इस्त्रीचा प्लग काढून ठेवावा, हे आपल्याला लहानपणापासून कुणीतरी बजावत आलेलं असतं. ड्रायरबद्दल बजावणारं कुणी नसतं, कारण बजावणाऱ्यांच्या घरी दोरी होती. इथे दोरी बांधायची म्हटलं तर अनेक वसाहतींच्या सोसायट्या बाल्कनीत कपडे दिसू देत नाहीत, आणि सहा महिने थंडी. मग ड्रायरला पर्याय राहत नाही.

विजेवर चालणाऱ्या अमेरिकन ड्रायरमधलं हीटरचं वेटोळं साधारण पाच हजार वॅटचं असतं. ते लाल होईपर्यंत तापतं. त्याच पेटीत सुती कपड्यांतून सुटलेली बारीक तंतूंची धूळ उडत असते, जिला सगळे लिंट म्हणतात. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा दरवर्षी सुमारे २,९०० घरांत ड्रायरमुळे आग लागल्याची नोंद निघाली. त्यात वर्षाला सरासरी ५ मृत्यू, १०० जखमी आणि साडेतीन कोटी डॉलरचं नुकसान. सर्वांत मोठं कारण एकच होतं: साफसफाई न करणं, ३४ टक्के. या आगी हिवाळ्यात वाढतात आणि जानेवारीत सर्वाधिक असतात. कपडे जाड असतात, ड्रायर जास्त चालतो, खिडक्या बंद असतात.

म्हणजे बऱ्याच आगी टाळता येण्यासारख्या आहेत. पण "फिल्टर साफ करा" एवढ्यावर भागत नाही. यंत्र आतून काय करतं हे एकदा डोक्यात बसलं, की कुठे काय बघायचं ते आपोआप सुचतं.

आत चालतं काय

ड्रायर म्हणजे गरम पेटी असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर ते मुख्यतः हवा ओढायचं यंत्र आहे. आतला पंखा खोलीतली हवा खेचतो, ती हीटरवरून जाते, तापते, फिरत्या ड्रममधल्या कपड्यांतून जाते, त्यांचं पाणी वाफेच्या रूपात उचलते, फिल्टरच्या जाळीतून गाळली जाते, पंख्यातून पुढे ढकलली जाते आणि मागच्या नळीतून घराबाहेर पडते. या नळीला डक्ट म्हणतात. सुस्थितीतला ड्रायर मिनिटाला साधारण १५० घनफूट हवा बाहेर टाकतो. दहा बाय दहाच्या, आठ फूट उंच खोलीतली सगळी हवा साडेपाच मिनिटांत बाहेर जाईल एवढी.

आता ही वाट कुठेतरी अरुंद झाली असं समजा. हीटर तेवढीच उष्णता सोडतो, पण ती वाहून नेणारी हवा कमी. त्यामुळे हीटरच्या आसपासचं तापमान चढतं. ओलसर हवा बाहेर पडत नाही, म्हणून कपडे वाळत नाहीत. तुम्ही पुन्हा अर्धा तास लावता. हवेचा वेग कमी झाल्यामुळे तिच्याबरोबर बाहेर पडायचा तो लिंट नळीतच खाली बसतो. वाट आणखी अरुंद होते. हे चक्र स्वतःहून उलटं फिरत नाही.

लिंट सगळा फिल्टरमध्ये अडकतो हाही गैरसमजच. बारीक तंतू जाळीतून निसटतात आणि डक्टच्या आतल्या बाजूला चिकटतात. काही ड्रमच्या कडेच्या फेल्टच्या पट्टीतून बाहेर गळून यंत्राच्या पोटात, मोटर आणि हीटरच्या आजूबाजूला साठतात. गादीवाल्याकडे पिंजलेल्या कापसाजवळ काडी पेटवू देत नाहीत, त्याच जातीचा हा माल. हीटरजवळचा एखादा पुंजका पेटला तर पंखा ती ठिणगी ओढून सरळ डक्टमध्ये नेतो, आणि तिथे आतून लिंटचं अस्तर लागलेलं असतं. डक्ट भिंतीच्या किंवा छताच्या आतून गेलेली असेल तर आग कुणाला दिसायच्या आधी घराच्या सांगाड्यात पोचलेली असते.

कंपन्यांनी यावर उपाय ठेवलेले आहेत. एक थर्मोस्टॅट रोजचं तापमान सांभाळतो, हीटर बंद-चालू करतो. दुसरा, हीटरपाशी बसवलेला, मर्यादेपलीकडे तापलं की वीज तोडतो. बऱ्याच ड्रायरांत तिसरा थर्मल फ्यूज असतो. तो एकदा उडाला की बदलावाच लागतो, आणि तोवर ड्रायर तापत नाही किंवा सुरूच होत नाही. "ड्रायर फिरतोय पण गरम होत नाही" ही तक्रार घेऊन मेकॅनिक आला, दहा मिनिटांत फ्यूज बदलून गेला आणि दोन महिन्यांत तेच पुन्हा झालं, असं अनेकांच्या घरी घडतं. फ्यूज विनाकारण उडत नाही. हवा अडलेली आहे किंवा थर्मोस्टॅट बिघडलाय, हे तो सांगत असतो. कारण न शोधता तो बदलणं म्हणजे पैसे वाया, आणि वायरचा तुकडा लावून त्याला बगल देणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. हे करून दाखवणारे व्हिडिओ इंटरनेटवर ढिगाने आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

घड्याळ हीच पहिली तपासणी

कुठलंही हत्यार न घेता ड्रायरची तब्येत कळते ती वेळेवरून. नेहमीचे, मध्यम भरतीचे कपडे नेहमीच्या सेटिंगवर किती वेळात वाळतात ते एकदा बघून ठेवा. पाऊण तासात वाळणाऱ्या कपड्यांना सव्वा तास लागायला लागला, तर ड्रायर "जुना झालाय" असं म्हणून सोडून देऊ नका. हवेची वाट बंद होत आलीय. ड्रायरचं वरचं पत्र्याचं अंग हाताला चटका बसावा इतकं तापणं, कपडे वाळूनही दमट, कोंदट वास येणं, लॉन्ड्रीच्या खोलीत दमटपणा साठणं, कपडे नेहमीपेक्षा जास्त गरम निघणं ही सगळी त्याच दुखण्याची लक्षणं. जळका वास आला तर मात्र निरीक्षण वगैरे काही नाही, लगेच बंद.

इथे एक गफलत होते. नव्या ड्रायरांत ओलावा ओळखणारे सेन्सर असतात, ड्रमच्या आत फिल्टरजवळ दिसणाऱ्या दोन धातूच्या पट्ट्या. कपडे मऊ करणाऱ्या ड्रायर शीटचा मेणचट थर त्यांच्यावर बसला की त्यांना ओला कपडा कळत नाही आणि ड्रायर लवकरच थांबतो. म्हणजे कपडे ओले राहिले, पण यंत्र वेळेआधी थांबलं, तर आधी त्या पट्ट्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसून बघा. यंत्र वेळ खातंय आणि तरी कपडे ओले, तर डक्ट बघा.

फिल्टर: हाताने पुसणं पुरेसं नाही

प्रत्येक भरतीला फिल्टर साफ करायचा, हे सगळ्यांना माहीत आहे आणि बरेच जण करतातही. पण ड्रायर शीट वापरणाऱ्या घरात जाळीवर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर चढतो. लिंट काढल्यावर जाळी स्वच्छ दिसते, हवा मात्र अडलेली असते. फिल्टर सिंकमध्ये नळाखाली आडवा धरा. पाणी जाळीतून सरळ खाली पडलं तर ठीक. जाळीवर पाण्याचं तळं साचलं, थेंब घरंगळून कडेने गेले, तर भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश घ्या, दोन्ही बाजूंनी घासा, पूर्ण वाळवा आणि मगच बसवा. महिन्यातून एकदा पुरतं. जाळी फाटली असेल, कडेने सुटली असेल तर नवी आणा, फार महाग नसते. फिल्टरशिवाय ड्रायर एकदाही चालवू नका.

फिल्टर काढल्यावर खाली जी फट दिसते तिच्यात टॉर्च मारून बघा. कडांवर करडी लव जमलेली दिसेल. व्हॅक्यूम क्लीनरची अरुंद चोच तिथे जाईल तेवढी घालून ओढून घ्या. यंत्राच्या पोटातला लिंट काढायला मात्र पत्रा उघडावा लागतो. ते काम दर काही वर्षांनी माहीतगार मेकॅनिककडून करून घ्यावं, आणि ते बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तकातही लिहिलेलं असतं.

मागची नळी

खरी गोम इथे आहे. ड्रायर भिंतीला टेकवून ठेवलेला असतो, मागे कुणी डोकावत नाही. एकदा तो हळूच पुढे ओढा. गॅसवर चालणारा असेल तर सांभाळून, कारण गॅसची लवचिक नळी ताणली किंवा दुमडली जाता कामा नये. शंका असेल तर स्वतः हलवूच नका.

मागे तुम्हाला चारपैकी एक प्रकार दिसेल. पांढऱ्या प्लॅस्टिकची, आत तारेची वेटोळी असलेली नळी दिसली तर ती आजच काढा आणि नवी बसेपर्यंत ड्रायर लावू नका. ती स्वतःच पेटते. चकचकीत पातळ फॉइलची, ॲकॉर्डियनसारखी ताणली जाणारी नळी थोडी बरी, पण तिच्या प्रत्येक घडीत लिंट बसतो आणि ड्रायर मागे ढकलला की ती चेपते. तिसरी थोड्या जाड ॲल्युमिनियमची, वाकवता येणारी पण आकार धरून राहणारी. ड्रायर आणि भिंत यांच्यातल्या छोट्या अंतरासाठी ती चालते. भिंतीच्या आतली सगळी वाट मात्र चौथ्या प्रकारची हवी: चार इंच व्यासाची, आतून गुळगुळीत, कडक धातूची नळी. अमेरिकेच्या निवासी इमारत संहितेत लवचिक जोडनळीची लांबी आठ फुटांपर्यंतच चालते आणि ती भिंतीत लपवायला मनाई आहे.

याच संहितेतला लांबीचा नियम घर घेताना उपयोगी पडतो. ड्रायर बनवणाऱ्याने वेगळं काही सांगितलेलं नसेल, तर डक्टची एकूण लांबी ३५ फुटांपेक्षा जास्त नको, आणि प्रत्येक नेहमीच्या काटकोनी वळणामागे त्यातले पाच फूट वजा करायचे. हल्लीच्या टाउनहाउसमध्ये लॉन्ड्री दुसऱ्या मजल्यावर घराच्या मधोमध असते. तिथून नळी छतातून फिरत बाहेर जाते. तीन वळणं आली की पंधरा फूट गेले, उरले वीस. लॉन्ड्री बेडरूमशेजारी असणं सोयीचं खरंच, पण घर बघताना डक्ट कुठून बाहेर पडते हे विचारायला हरकत नाही. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटबद्दल आपण अर्धा तास विचारतो.

नळीचे तुकडे जोडताना आतपर्यंत घुसणारे स्क्रू वापरायचे नाहीत. स्क्रूचं टोक आत आलं की लिंट त्याला धरून बसतो. सांध्यांवर धातूची फॉइल टेप लावायची. करड्या रंगाची कापडी डक्ट टेप नाव काहीही असलं तरी या कामाची नाही. उष्णतेने तिचा गोंद वाळून ती सुटते.

वर्षातून एकदा डक्ट आतून साफ करायची. घरात माणसं जास्त असतील, कुत्रा-मांजर असेल किंवा डक्ट लांब असेल तर दोनदा. सरळ, छोटी वाट असेल तर घरी करता येतं. दुकानात लांब लवचिक काड्या आणि पुढे गोल ब्रश असा संच मिळतो. काड्या एकमेकींत आटे फिरवून जोडायच्या, दुसरं टोक ड्रिलला लावायचं आणि हळूहळू आत सारायचं. आधी ड्रायर बंद, प्लग काढलेला. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: ड्रिल फक्त सांधे घट्ट होतील त्याच दिशेने फिरवायचं. उलट फिरवलं की आटे सुटतात, ब्रश भिंतीच्या आत कुठेतरी राहतो आणि मग ड्रायवॉल, म्हणजे भिंतीचा जिप्समचा पत्रा, फोडायची वेळ येते. पहिल्या सफाईत ब्रशबरोबर जे बाहेर येतं ते बघून माणूस गप्प होतो: करड्या रंगाचे, नळीच्याच आकाराचे दाबलेले गोळे, कधी त्यांत मुलाचा हरवलेला मोजा. वाट लांब, छतावर जाणारी किंवा वळणावळणाची असेल तर सरळ व्यावसायिक माणसाला बोलवा. आणि त्याने काम झालं म्हटल्यावर बाहेरच्या तोंडाशी हवेचा झोत किती वाढला ते त्याच्यासमोरच बघा.

बाहेरचं तोंड म्हणजे भिंतीवरचं झाकण. ड्रायर चालू असताना ते उघडं राहायला हवं आणि हाताला जोरदार कोमट झोत लागायला हवा. झाकण अर्धवट फडफडत असेल, झोत दमट आणि मंद असेल तर वाट तुंबलीय. पक्षी किंवा उंदीर शिरू नयेत म्हणून काही जण तिथे बारीक जाळी बसवतात. हेतू चांगला, परिणाम वाईट: दोन महिन्यांत त्या जाळीवर लिंटचा जाड पापुद्रा बसतो. संहितेतही तिथे जाळी लावायला बंदी आहे. झाकण नीट मिटत असेल तर पक्षी येत नाहीत. ते तुटलं असेल तर झाकणच बदला. वसंत ऋतूत मात्र एकदा बघाच, चिमण्या आणि स्टार्लिंग यांना ही उबदार जागा फार आवडते. बर्फाळ भागात राहत असाल तर मोठ्या हिमवर्षावानंतर फावडं घेऊन आधी हे तोंड मोकळं करा. गॅसच्या ड्रायरचा धूरही याच वाटेने जातो. ती बंद झाली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येतो, आणि त्याला ना वास ना रंग. गॅसचा ड्रायर असेल तर या वायूचा अलार्म घरात हवाच.

तेलकट कपडे: इथे लिंटचा काही संबंध नाही

आपल्या घरांना जास्त लागू असलेला मुद्दा हा. चकल्या तळताना वापरलेली फडकी, तेल पुसलेले नॅपकिन, दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचे टॉवेल, बाळाला मालिश करून गुंडाळलेली दुपटी. हे धुवून ड्रायरमध्ये टाकले, वाळले, गरम असतानाच टोपलीत ढीग करून ठेवले आणि काही तासांनी त्या ढिगाने आपोआप पेट घेतला, असं खरंच होऊ शकतं.

कारण रासायनिक आहे. काही तेलांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि त्यात उष्णता बाहेर पडते. एरवी ती उडून जाते. पण तेल कापडाच्या तंतूंवर पातळ पसरलेलं असेल तर हवेशी त्याचा संपर्क प्रचंड वाढतो, आणि कापडाचा ढीग असेल तर मधली उष्णता बाहेर जात नाही. ड्रायरने आधीच सगळं तापवून दिलेलं असतं, त्यामुळे ही क्रिया जोरात सुरू होते. ढिगाच्या पोटात तापमान वाढत जातं, वाढल्यामुळे क्रियेचा वेग वाढतो, आणि शेवटी कापड धुमसायला लागतं. ठिणगी लागतच नाही.

सगळी तेलं सारखी नाहीत. जवसाचं तेल सर्वांत धोकादायक. लाकडी फर्निचरला पॉलिश करायच्या अनेक तेलांत ते असतं, त्याची फडकी ड्रायरमध्ये कधीच टाकू नका. करडई, सूर्यफूल, सोयाबीन ही तेलंही या बाबतीत वाईटच. तीळ आणि शेंगदाणा मध्ये कुठेतरी. खोबरेल तेलात ही क्रिया फार कमी होते, पण म्हणून टॉवेलवर नेमकं कुठलं तेल आहे याचा हिशेब ठेवत बसू नये. नियम एकच ठेवा.

तेलकट कपडे गरम पाण्यात, जास्त साबण घालून, गरज पडली तर दोनदा धुवा. थंड पाण्याच्या एका धुण्यात तेल पुरतं निघत नाही. धुवूनही वास किंवा चिकटपणा राहिला असेल तर ते ड्रायरमध्ये न टाकता स्टँडवर वाळत घाला. ड्रायर लावलाच तर शेवटची काही मिनिटं मधेच तोडू नका. त्या वेळात हीटर बंद असतो आणि नुसती हवा फिरते. कपडे थंड करूनच बाहेर द्यावेत म्हणून ती ठेवलेली आहेत. घाईत मधेच थांबवावं लागलं तर सगळे कपडे लगेच काढून पसरून ठेवा. गरम ढीग ड्रममध्ये किंवा टोपलीत सोडून बाहेर पडू नका. हॉटेलं, मसाज पार्लर आणि लॉन्ड्र्या यांना हा धोका रोजचाच, पण दिवाळीच्या आठवड्यात आपलं घर त्यांच्यापेक्षा फार वेगळं नसतं.

पेट्रोल, थिनर, रंग यांचे डाग असलेले कपडे, फोमची उशी, रबराची पाठ असलेली पायपुसणी, प्लॅस्टिकचे अस्तर, हेही ड्रायरचे नाहीत. लेबल वाचायला पाच सेकंद लागतात. पैठणीबद्दल सांगायची गरज नसावी.

वीज, आणि यंत्रातच खोट असेल तर

अमेरिकेतला विजेचा ड्रायर २४० व्होल्टवर चालतो आणि त्याला स्वतःचा ३० अँपियरचा ब्रेकर लागतो. जुन्या घरांत तीन पायांचं सॉकेट असतं, १९९६ च्या विद्युत संहितेपासून नव्या बांधकामांत चार पायांचं. ड्रायर आणि सॉकेट जुळत नसतील तर इलेक्ट्रिशियनकडून वायर बदलून घ्या, ॲडॉप्टर शोधू नका. प्लग हाताला गरम लागतो का, सॉकेटवर तपकिरी डाग पडलाय का, एवढं अधूनमधून बघा. एक्स्टेन्शन कॉर्ड अजिबात नको.

सगळं स्वच्छ ठेवूनही आग लागू शकते, कारण कधीकधी रचनाच चुकलेली असते. ब्रिटनमध्ये व्हर्लपूल कंपनीने नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर केलं, की २००४ पासून त्या वर्षापर्यंत बनलेल्या हॉटपॉइंट, इंडेसिट वगैरे नावांच्या लाखो ड्रायरांत लिंट हीटरवर पडून पेटू शकतो. सुरुवातीला सल्ला असा होता, की दुरुस्ती होईपर्यंत ड्रायर वापरा, फक्त कुणी लक्ष द्यायला नसताना लावू नका. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या एका उंच इमारतीत अशाच एका ड्रायरमुळे मोठी आग लागली. घरात माणसं होती, म्हणून ती वेळेत बाहेर पडली. फेब्रुवारी २०१७ मध्ये सल्ला बदलून "प्लग काढून ठेवा" असा झाला, आणि उरलेले ड्रायर परत मागवायला जुलै २०१९ उजाडलं. तेव्हा नवा किंवा जुना, कुठलाही ड्रायर घरात आला की मॉडेल नंबर कंपनीकडे नोंदवा. अमेरिकेत परत मागवलेल्या वस्तू ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर बघता येतात. वापरलेला ड्रायर स्वस्तात घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर ते आधीच बघावं.

रात्री ड्रायर लावून झोपू नका, लावून बाहेर जाऊ नका. यात शास्त्र काही नाही. आग लागली तर लवकर कळावी एवढंच.

मुंबई, पुणे, गोव्यातल्या घरांसाठी

पावसाळ्यात कपडे न वाळण्याला कंटाळून आता आपल्याकडेही ड्रायर येऊ लागलेत, पण बहुतेक वेगळ्या जातीचे. एकाच यंत्रात धुणं आणि वाळवणं असेल तर त्याला बाहेर जाणारी नळी नसते. वाफेचं आतच पाणी होतं आणि ते सांडपाण्याच्या नळीतून निघून जातं. त्यावर "८ किलो धुणं, ५ किलो वाळवणं" असं लिहिलेलं असतं आणि दुसरा आकडा कुणी वाचत नाही. धुतलेले सगळे कपडे तसेच वाळवायला ठेवले की हवेला फिरायला जागा उरत नाही. निम्मे काढून घ्या. लिंट बसण्याची जागा प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते, माहितीपुस्तकात ती शोधून ठेवा.

हीट पंपचे ड्रायर कमी तापमानावर चालतात, वीज कमी खातात, वेळ जास्त घेतात. त्यांनाही फिल्टर असतो, आतला कंडेन्सर (वाफेचं पाणी करणारा भाग) तुंबतो, साफ करावा लागतो. भारतातल्या फ्लॅटसाठी मला तोच पर्याय सर्वांत शहाणपणाचा वाटतो. नळीवाला ड्रायर घेऊन ती नळी बाथरूममध्येच मोकळी सोडणारे लोकही आहेत. त्यांच्या छताला महिन्याभरात बुरशी धरते आणि लिंट सगळीकडे पसरतो. नळी खिडकीबाहेर हवी. सॉकेट १६ अँपियरचं, स्वतंत्र, अर्थिंग असलेलं. मल्टिप्लगवर फ्रिजच्या जोडीला नाही.

आग लागलीच तर

ड्रायरमधून धूर दिसला तर पहिली ऊर्मी दार उघडून कपडे वाचवायची होते. दार उघडू नका. बंद ड्रममध्ये हवा मर्यादित असते. दार उघडलं की आगीला ताजी हवा मिळते आणि ज्वाळा तोंडावर येते. यंत्र बंद करता आलं तर करा, ब्रेकर वाटेतच असेल तर पाडा, लॉन्ड्रीच्या खोलीचं दार ओढून घ्या आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. फोन बाहेरून करा: अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, भारतात १०१ किंवा ११२. चालू विजेच्या यंत्रावर पाणी ओतू नका.

आणि धूर आपोआप थांबला, ड्रम थंड झाला, सगळं शांत वाटलं तरी अग्निशमन दलाला येऊ द्या. ठिणगी पंख्याने डक्टमध्ये ओढून नेलेली असू शकते, आणि भिंतीच्या आत लिंट तासन्‌तास धुमसत राहू शकतो. त्यांच्याकडे भिंतीची उष्णता बाहेरून बघणारे कॅमेरे असतात. ते तपासून "ठीक आहे" म्हणेपर्यंत आत परतू नका, आणि डक्ट बदलेपर्यंत दुसरा ड्रायर त्याच जागी जोडू नका.